निळ्या पत्र्यातली खरवड

पिझ्झाचा एक प्रकार असा आहे, की कृती तोंडपाठ केली, साहित्य काट्यावर तोलून घेतलं, भट्टी हवी तेवढी तापवली, तरी एक विशिष्ट भांडं हाताशी नसेल तर तो मनासारखा जमत नाही. आणि ते भांडं स्वयंपाकघरासाठी घडवलेलंच नव्हतं. मोटारींच्या कारखान्यात वापरायचा तो पत्र्याचा ट्रे होता. पिंपरी-चाकणला ज्यांनी शॉपफ्लोअरवर एक पाळी जरी काढली असेल, त्यांना सुट्या भागांचा ट्रे वेगळा समजावून सांगायला नको.

असा एक ट्रे कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, एका बारच्या स्वयंपाकघरात शिरला आणि त्यातून नवा पदार्थ जन्माला आला. ही गोष्ट १९४६ सालची, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली. त्या बारचं नाव ‘बडीज राँदेव्हू’. आज ‘बडीज पिझ्झा’ या नावाने मिशिगन राज्यात त्याची साखळी आहे. साखळी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती देशोदेशी पसरलेली एकसारखी दुकानं. ही तशी नाही. ती आपल्या मुलखाला धरून राहिली. का राहिली, आणि तिच्या पिझ्झाची चव साठ-पासष्ट वर्षं त्या मुलखाबाहेर फारशी का गेली नाही, याचं बरंचसं उत्तर त्या ट्रेमध्येच सापडतं.

डेट्रॉइट तेव्हा मोटारींची राजधानी होतं. हेन्री फोर्डने १९१३ साली शेजारच्या हायलंड पार्कमधल्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली, आणि पुढच्या तीस वर्षांत पोलंड, इटली, ग्रीस, अमेरिकेचा दक्षिण भाग अशा दहा दिशांची माणसं पोटासाठी इथे येऊन थडकली. दुसऱ्या महायुद्धात या परिसराने मोटारी बाजूला ठेवल्या आणि रणगाडे, विमानं बनवली. विलो रनच्या अवाढव्य कारखान्यातून बी-२४ बॉम्बर विमानं बाहेर पडत. युद्ध संपलं आणि कामगारांच्या मनात चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले. तो संप ११३ दिवस चालला आणि १३ मार्च १९४६ रोजी मिटला.

त्याच वर्षी, कोनंट रस्ता जिथे सिक्स माइल रस्त्याला छेदतो, त्या कोपऱ्यावरच्या बारचा मालक गस ग्वेरा गिऱ्हाइकांना दारूबरोबर खायला काहीतरी नवं द्यावं म्हणून खटपट करत होता. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर हॅमट्रॅमिक, डॉज मोटारींच्या प्रचंड कारखान्याचं गाव. भोवती कामगारांची घरं. पाळी सुटली की माणसं थेट घरी जात नसत. दोन घोट घ्यायला, चार शब्द बोलायला अशा कोपऱ्यावर थांबत.

या बारचा आधीचा इतिहासही सांगितला पाहिजे, कारण डेट्रॉइटचा स्वभाव त्यात दिसतो. तो एकेकाळी चोरटा दारूअड्डा होता. अशा अड्ड्याला तिथे ‘आंधळं डुक्कर’ म्हणत. नावामागे एक जुनी युक्ती सांगतात: दारू विकायला बंदी, म्हणून अड्डावाला एखादा विचित्र प्राणी दाखवायचे पैसे घ्यायचा आणि दारू ‘फुकट’ द्यायचा. दारूबंदीच्या काळात डेट्रॉइट हे चोरट्या दारूचं मोठं प्रवेशद्वार होतं, कारण मैलभराहूनही अरुंद अशा नदीपलीकडे कॅनडाचं विंडसर शहर होतं. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून मोटारी हाकून माल आणला जाई. देशातली बंदी १९३३ साली उठली, पण ‘आंधळी डुकरं’ डेट्रॉइटच्या गल्ल्यांमधून संपली नाहीत. जुलै १९६७मध्ये शहर पेटलं, तेसुद्धा अशाच एका अड्ड्यावर पोलिसांनी छापा घातला तेव्हा. सांगायचा मुद्दा हा, की कोनंटच्या कोपऱ्यावर जमणारी माणसं कायद्याच्या कडेकडेने चालत आलेली, हातातल्या वस्तूला भलत्याच कामाला जुंपण्याची सवय असलेली होती.

पिझ्झा तेव्हा अमेरिकेत घरोघर पोहोचलेला नव्हता. न्यू यॉर्क, न्यू हेवन, शिकागो अशा शहरांतल्या इटालियन वस्त्यांत तो मिळे. ग्वेराच्या स्वयंपाकघरात जो पिझ्झा करायचं ठरलं तो नेपल्सचा पातळ गोल पिझ्झा नव्हता. तो सिसिलीचा होता. सिसिलीत, विशेषतः पालेर्मोला, ‘स्फिंचोने’ नावाचा प्रकार करतात: जाड, मऊ, पावासारखा, वर टोमॅटो, कांदा, अँचोव्ही मासे, चीज आणि पावाचा चुरा. घरातल्या चार तोंडांना पुरावा म्हणून तो मोठ्या ताटात थापतात आणि चौकोनी तुकडे पाडतात.

ही सिसिलीची कृती गसकडे कुणाकडून आली? इथे दोन कथा आहेत. एक सांगते, गसची बायको ॲना हिच्या आईची ती कृती. दुसरी सांगते, बारमध्ये काम करणाऱ्या एका सिसिलियन बाईने ती शिकवली. दोन्ही कथांची माणसं आजही आपापल्या कथेवर ठाम आहेत. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: दोन्ही कथांमध्ये पीठ भिजवणारा हात बाईचाच आहे. फलकावर, जाहिरातीत, पिझ्झाच्या इतिहासाच्या लेखांत ‘गस ग्वेराने शोध लावला’ असं एका वाक्यात उरकलं जातं. सासू असो की कामवाली, जिच्या बोटांना ते सैल पीठ किती वेळ फुगू द्यायचं हे कळत होतं, तिच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. ॲनाही तशीच मागे पडते. खरं तर तो बार नवरा-बायको दोघांनी मिळून चालवलेला होता.

आता अडचण आली भांड्याची. जाड सिसिलियन पिझ्झाला खोल, चौकोनी, उभ्या काठाचं भांडं लागतं, तेही बारमध्ये रोज डझनांनी वापरता येईल असं. गसला ते कारखान्यात मिळालं. निळसर काळ्या पोलादी पत्र्याचे ट्रे, साधारण चौदा इंच लांब, दहा इंच रुंद, दोन-अडीच इंच खोल, काठ बाहेरच्या बाजूला किंचित कललेले. कुणी म्हणतं, त्यांत नटबोल्ट आणि छोटे भाग ठेवत. कुणी म्हणतं, यंत्राखाली गळणारं तेल झेलायला ते वापरत. कारखान्यात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून ते बारमध्ये आले.

‘निळं पोलाद’ म्हणजे रंग दिलेला पत्रा नव्हे. पोलाद ठरावीक तापमानाला तापवलं की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि पत्रा निळसर दिसू लागतो. गंज रोखायला या थराची मदत होते. मोटारीच्या कारखान्यात ट्रेला हा गुण हवा होता, तो एवढ्यासाठीच. भट्टीत याच गुणाचं दुसरंच रूप समोर आलं.

त्या ट्रेमध्ये काय घडतं ते आजही भट्टीसमोर उभं राहून बघता येतं. आधी ट्रेला सढळ हाताने तेल लावतात. पीठ इतकं सैल असतं की पोळीसारखं लाटताच येत नाही. शंभर भाग मैद्याला सत्तरच्या वर भाग पाणी. बोटांनी रेटत रेटत ते कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, ते आखडून मागे येतं, मग थांबायचं, पुन्हा रेटायचं. नंतर ट्रेमध्येच ते पुन्हा फुगू द्यायचं. मग चीज. इथे बाकी सगळ्या पिझ्झांशी फारकत होते. गोल पिझ्झाला कडेचा बोटभर भाग कोरा ठेवतात. डेट्रॉइटच्या पिझ्झात चीज मुद्दाम पार काठापर्यंत, पत्र्याला भिडेल असं पसरतात.

ट्रे दोनशे पन्नास-साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत जातो. गडद पत्रा उष्णता भराभर शोषतो. चकचकीत भांडं उष्णता परतवून लावतं, हा पत्रा ती ओढून घेतो. तळाचं तेल कढतं आणि पिठाचा तळ भाजला न जाता तळला जातो. वरचं चीज वितळतं, काठाशी येऊन फुगलेलं पीठ आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत खाली उतरतं. तिथे त्यातलं लोणी सुटतं, पाणी उडून जातं आणि राहिलेला भाग पत्र्याला चिकटून खरपूस होत जातो. प्रथिनं आणि साखर उष्णतेत एकमेकांशी भिडून असा तपकिरी रंग आणि असा वास तयार करतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली दाखवून दिलं होतं. पाव भाजताना, कांदा परतताना, दूध आटवताना आपण रोज हेच करतो. पण इथे ते पिझ्झाच्या चारही कडांनी उभं चढतं. ट्रेमधून पिझ्झा बाहेर काढला की काठाला काळपट-तपकिरी, जाळीदार, कुरकुरीत भिंत उभी राहिलेली असते.

मराठीत हिला नेमका शब्द आहे: खरवड. भाताच्या किंवा खिरीच्या पातेल्याच्या तळाशी जी धरते आणि जिच्यासाठी भावंडं चमचा घेऊन पातेल्यात डोकं घालतात, ती. डेट्रॉइटने तळाची खरवड कडेला आणली. शोध म्हणायचा तो हा. अशी कड आपोआप धरते हे एखाद्या स्वयंपाक्याला दिसणं वेगळं, आणि हे जळकं नाही, हाच पिझ्झाचा सर्वांत चांगला भाग आहे असं ठरवून त्याभोवती सगळी कृती बांधणं वेगळं. बडीजमध्ये दुसरी गोष्ट घडली. तिथे आजही पिझ्झा चार किंवा आठ चौकोनी तुकड्यांत मिळतो. चार तुकड्यांच्या छोट्या पिझ्झात प्रत्येक तुकड्याला एक कोपरा येतो, म्हणजे दोन बाजूंनी खरवड. कोपरा कुणाचा हे भांडणच मिटतं.

हे सगळं कुठल्याही चीजने होत नाही. मोझरेलात पाणी जास्त आणि चिकटपणा वेगळा; ते एवढ्या सहज कडेला ओघळत नाही. बडीजने जे चीज धरलं ते विस्कॉन्सिन राज्यातलं ‘ब्रिक’. जॉन जोसी या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या चीजवाल्याने ते १८७७ साली विस्कॉन्सिनमध्ये तयार केलं. लिंबर्गर नावाचं उग्र वासाचं चीज तो आधी करत असे. दही जरा कोरडं ठेवलं तर काय होतं हे बघताना त्याला हे सापडलं. चीज दाबायला तो विटा वापरायचा आणि त्याची लादीही विटेसारखीच पडायची, म्हणून नाव ‘ब्रिक’. मुरलं की ते तिखट, दर्पाचं होतं. कोवळं असताना लोण्यासारखं मऊ, स्निग्ध आणि वितळायला सोपं असतं. पिझ्झावर हे कोवळं चीज घालतात. मिशिगन सरोवराच्या एका काठाला विस्कॉन्सिन, दुसऱ्या काठाला मिशिगन. त्या सरोवराभोवतीच्या प्रदेशाबाहेर या चीजचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणि शेवटी सॉस. हो, शेवटी. आधी पीठ, त्यावर पेपरोनी, त्यावर चीज आणि सगळ्यात वर टोमॅटोचा सॉस, तोही सगळीकडे फासलेला नाही. दोन-तीन लांब लाल पट्टे ओढलेले. पाहणाऱ्याला वाटेल, गडबडीत क्रम उलटा झाला. पण त्याला कारण आहे. पीठ इतकं सैल आणि जाड, की त्यावर ओला सॉस घातला तर मधला भाग गिच्च राहील. चीजचा थर मध्ये आला की सॉसचं पाणी खाली झिरपत नाही. पेपरोनी चीजखाली गेल्याने ती करपत नाही आणि तिची चरबी पिठात मुरते. मला या पिझ्झाचं सर्वांत कौतुक वाटतं ते इथे. कुठलीच गोष्ट दिखाव्यासाठी केलेली नाही. ट्रेने एक अट घातली आणि बाकी सगळे तिच्याप्रमाणे आपापल्या जागी बसले.

१९५३ साली गसने बडीज विकलं. तो आणि ॲना शहराच्या पूर्वेला ईस्ट डेट्रॉइटला गेले (या गावाचं नाव पुढे १९९२ साली ईस्टपॉइंट झालं) आणि तिथे ‘क्लोव्हरलीफ’ नावाचा बार घेऊन त्यांनी तोच पिझ्झा सुरू केला. आता एका पिझ्झाची दोन घरं झाली. एकाकडे मूळ जागा, मूळ नाव. दुसऱ्याकडे मूळ माणसं. खरा कुठला, यावर तिथे आजही वाद झडतात आणि ते झडू द्यावेत. पुढे बडीजमध्ये हात बसलेला लुई तूर्त्वा आधी दुसऱ्या पिझ्झेरियात गेला आणि १९७७ साली हेझेल पार्कमध्ये त्याने स्वतःचं ‘लुईज’ थाटलं. कियांती वाइनच्या गवताच्या वेष्टनातल्या बाटल्या तिथे भिंतीभर टांगलेल्या असतात, त्यांवर गिऱ्हाइकांची नावं आणि तारखा. म्हणजे ही विद्या पुस्तकातून पसरली नाही, जाहिरातीतूनही नाही. एका स्वयंपाकघरातून माणूस उठला, दुसऱ्या स्वयंपाकघरात गेला, आणि जाताना पिठाचा अंदाज आणि ट्रेची ओळख घेऊन गेला. आपल्याकडे गवयाचं घराणं जसं वाढतं, तसं.

बडीज १९७० साली बिली आणि शर्ली जेकब्स यांच्याकडे आलं. या कुटुंबाने ते जवळजवळ अर्धं शतक सांभाळलं आणि हळूहळू, एकेक करत उपनगरांत शाखा काढल्या. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०१० साली ती सात लाख चौदा हजारांच्या आसपास उरली. हॅमट्रॅमिकचा डॉज कारखाना १९८० साली बंद झाला. २०१३ साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. गिऱ्हाईक उपनगरांत गेलं, तसं बडीजही गेलं. पण कोनंटचा कोपरा त्यांनी सोडला नाही. मूळ बारमध्ये बोची खेळायच्या पट्ट्या होत्या (लाकडी चेंडू घरंगळत नेऊन लहान चेंडूजवळ पोहोचवण्याचा हा इटालियन खेळ), त्याही टिकल्या. पिझ्झाइतकीच ख्याती असलेलं अँटिपास्तो सॅलड टिकलं. कापुचिन धर्मबंधूंचं अन्नछत्र डेट्रॉइटमध्ये १९२९पासून, म्हणजे महामंदीच्या पहिल्या तडाख्यापासून चालू आहे. त्यासाठी बडीज दरवर्षी एका संध्याकाळी निधी उभा करत आलं. एखाद्या दुकानाचा स्वभाव त्याच्या फलकावर लिहिलेला नसतो, तो असा ओळखायचा.

आता एक गोष्ट शेजारी ठेवून बघू. याच डेट्रॉइटच्या परिसराने जगाला दोन अतिविशाल पिझ्झा साखळ्या दिल्या. माइक आणि मॅरियन इलिच यांनी १९५९ साली गार्डन सिटीत ‘लिटल सीझर्स’ उघडलं. टॉम मोनाहन आणि त्याच्या भावाने १९६० साली इप्सिलँटीत एक छोटं पिझ्झाचं दुकान विकत घेतलं. त्याचं पुढे ‘डॉमिनोज’ झालं आणि १९९६ साली ते भारतातही आलं. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाने आयुष्यातला पहिला पिझ्झा खाल्ला असेल तो बहुधा मिशिगनमध्येच जन्मलेल्या साखळीचा. पण त्याला बडीजचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. एकाच मातीतून दोन रोपं आली, एक आकाशाएवढं झालं, दुसरं अंगणात राहिलं. असं का?

डॉमिनोजने वेगावर पकड मिळवली. गोल, पातळसर, कुठेही मिळणाऱ्या साहित्याचा, पटकन होणारा आणि अर्ध्या तासात दारात येणारा पिझ्झा. बडीजच्या पिझ्झाला घाई सोसत नाही. पीठ ट्रेमध्ये फुगायला वेळ घेतं. चीज एका विशिष्ट प्रदेशातून येतं. आणि ट्रे! नवा ट्रे आणला की लगेच चांगला पिझ्झा होत नाही. बिडाचा तवा घरात आणल्यावर पहिले आठ-दहा डोसे फुकट जातात, मग तो हळूहळू तेल पितो, काळा होतो, ‘तयार’ होतो. या पत्र्याचंही तसंच. साबणाने खसाखसा घासला की गेला. वर्षानुवर्षं वापरलेला, आतून काळाकुळकुळीत झालेला ट्रे ही या धंद्यातली खरी मालमत्ता. अशा धंद्याला शंभर शहरांत एकदम उडी मारता येत नाही. ‘जेट्स’ या मिशिगनच्याच साखळीने १९७८नंतर चौकोनी पिझ्झा इतर राज्यांत नेला, हे खरं. पण त्या पिझ्झाला स्वतःचं असं नाव बाहेर मिळालं नव्हतं. डेट्रॉइटमध्ये तर त्याला ‘डेट्रॉइट-स्टाइल’ म्हणायची गरजच कुणाला वाटली नव्हती. ‘चौकोनी’ म्हटलं की काम भागे.

मग संकट आलं, तेही ट्रेच्याच बाजूने. हे ट्रे वेस्ट व्हर्जिनियातली डोव्हर पार्कर्सबर्ग ही कंपनी बनवत असे. पुढे ते निळे ट्रे मिळेनासे झाले. ज्यांच्याकडे जुने होते त्यांनी ते जपले. विचार करा, एका शहराची साठ-पासष्ट वर्षांची चव एका ट्रेवर अवलंबून, आणि तो ट्रे बनवणारं कुणी उरत नाही. चव अशीच नाहीशी होते. भट्टीही असते, माणूसही असतो, आणि भांडं संपतं.

ही चव वाचली ती मुख्यतः शॉन रँडाझो या माणसाच्या हट्टामुळे. तो क्लोव्हरलीफमध्ये पिझ्झा पोहोचवणारा पोरगा म्हणून लागला होता. म्हणजे गस आणि ॲना यांनी विक्रीनंतर जिथे दुसरं घर केलं त्याच जागी. पोहोचवता पोहोचवता तो भट्टीपाशी गेला, तिथेच शिकला. २०१२ साली लास व्हेगासच्या आंतरराष्ट्रीय पिझ्झा प्रदर्शनातल्या स्पर्धेत त्याने हा चौकोनी, काळ्या कडांचा, वर लाल पट्टे ओढलेला पिझ्झा ठेवला. समोर जगभरचे नावाजलेले पिझ्झा करणारे. जगज्जेतेपद त्याला मिळालं. ज्या पिझ्झाला बाहेर कुणी नावाने ओळखत नव्हतं, त्याला एका दिवसात नाव मिळालं.

रँडाझोचं मोठेपण मला स्पर्धा जिंकण्यापेक्षा त्यानंतरच्या वागण्यात दिसतं. त्याने विद्या दडवली नाही. ‘डेट्रॉइट स्टाइल पिझ्झा कंपनी’ काढली, बाहेरगावच्या लोकांना शिकवलं आणि ट्रे पुन्हा मिळतील अशी व्यवस्था केली. वॉशिंग्टन राज्यातल्या लॉइड पॅन्स या कंपनीनेही त्याच आकाराचे, गडद प्रक्रिया केलेले ॲल्युमिनियमचे ट्रे बनवायला घेतले. भांडं मिळायला लागलं आणि वाट मोकळी झाली. डेट्रॉइटच्या दोन भावांनी २०११ सालीच टेक्ससमधल्या ऑस्टिनला एका ट्रेलरमधून हा पिझ्झा विकायला सुरुवात केली होती. नाव ठेवलं ‘व्हाया ३१३’, डेट्रॉइटच्या टेलिफोन विभाग-क्रमांकावरून. ब्रुकलिनमध्ये २०१६ साली ‘एमी स्क्वेअर्ड’ उघडलं. जानेवारी २०२१मध्ये पिझ्झा हटने देशभरातल्या आपल्या दुकानांत ‘डेट्रॉइट-स्टाइल’ पिझ्झा आणला. रँडाझो ते पाहायला नव्हता. २०२० साली मेंदूच्या कर्करोगाने तो गेला, पन्नाशीही न गाठता.

बडीजमध्येही बदल झाले. २०१८ साली कंपनीतला मोठा हिस्सा एका गुंतवणूक संस्थेने घेतला आणि पुढे ग्रँड रॅपिड्ससारख्या मिशिगनच्या पश्चिम भागातही शाखा निघाली. कुटुंबाच्या हातून धंदा गुंतवणूकदारांच्या हाती गेला की जिभेवर काय परिणाम होतो याची काळजी तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांना वाटणं साहजिक आहे. मलाही वाटते. ट्रे नीट मुरायला लागणारी वर्षं ताळेबंदात दाखवता येत नाहीत, आणि जे दाखवता येत नाही ते आधी कापलं जातं.

मग शोध कुणाचा? गस ग्वेराचा आहेच. कारखान्याच्या ट्रेकडे बघून त्यात जेवण दिसलं ते त्यालाच. पण पीठ एका सिसिलियन बाईचं, चीज स्विस माणसाने विस्कॉन्सिनमध्ये घडवलेलं, पत्रा वेस्ट व्हर्जिनियाचा, तो बाहेर आणून देणारे हात कामगारांचे, आणि विसरण्याच्या बेतात असताना नाव मिळवून दिलं ते पिझ्झा पोहोचवणाऱ्या पोराने. डेट्रॉइटने जगाला कोट्यवधी मोटारी दिल्या, त्यातली एकही एका माणसाने बनवलेली नव्हती. हा पिझ्झाही तसाच जोडत जोडत झाला आहे. माझ्या मते ‘डेट्रॉइटचा पिझ्झा’ हे नाव त्याला याच अर्थाने शोभतं.

कोनंट रस्त्यावर आता बांगलादेशातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. मिठाईची दुकानं आहेत, माशांची आहेत, पोलिश कामगारांच्या जुन्या घरांत नवी कुटुंबं राहतात. त्याच रस्त्याने उत्तरेला सिक्स माइलच्या कोपऱ्यापर्यंत गेलं की बडीज १९४६ साली जिथे होतं तिथेच उभं आहे. वाहन उद्योगाच्या कामाने पुण्याहून डेट्रॉइटला जाणारी माणसं कमी नाहीत. तुम्ही गेलात, तर उपनगरातल्या शाखेत न जाता या कोपऱ्यावर जा, चार तुकड्यांचा पिझ्झा मागवा आणि आधी कोपरा खा.